गोदाताईंनी फोडलेला तारा

गोदाताई साळवी एसटीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, निरोपाची चार भाषणं मिळाली. फक्त आवाज तेवढा जमा करून घ्यायचा राहून गेला. एकतीस वर्षं रत्नागिरीच्या स्थानकावर त्या वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होत्या. कर्णा चालू आहे की बंद, याची चौकशी त्यांनी शेवटची पंधरा वर्षं केलीच नव्हती. "राजापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे" असं त्या म्हणाल्या की समोरच्या हॉटेलातला राजापूरकर हातातला कप टाकून धावायचा. त्याच्यामागून राजापूरला न जाणारेही दोघं-तिघं धावायचे.

आता त्या जवळच्या पावस गावात घरी असत. यजमान श्यामराव स्वभावानं गरीब. ते दुपारची झोप घ्यायला बागेच्या पार टोकाच्या कलमाखाली जात आणि तिथूनही "चहा टाकलाय!" ऐकून उठत. हळू बोलायला गोदाताईंची हरकत नव्हती. हळू आवाज कुठून काढतात, एवढंच त्यांना कधी कळलं नव्हतं.

गावातल्या वाचनालयाशी त्यांचं बिनसलं तेही यामुळेच. सकाळी त्या तिथं पेपर वाचायला बसत आणि वाचता वाचता नुसते ओठ हलवत, असं त्यांचं म्हणणं. पण बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला राशिभविष्यासकट सगळा पेपर कळायचा. वाचनालयाचे सचिव हरिश्चंद्र ऊर्फ हरिभाऊ फाटक हे कोर्टातले निवृत्त हेडक्लार्क. सगळं लेखी करायची त्यांना सवय. त्यांनी गोदाताईंना रीतसर पत्र धाडलं: "आपण वाचन मनातल्या मनात करावे, ही विनंती." गोदाताईंनी ते पत्र घरी मोठ्यानं वाचलं आणि दोन महिने वाचनालयाची पायरी चढल्या नाहीत.

चढल्या त्या वर्धापनदिनाला, फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी चार वाजता. कारण त्या दिवशी नाचणकरांची उर्वी बोलणार होती. उर्वी पावसचीच पोर. पुण्याला एका मोठ्या संस्थेत आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करायची. गावची मुलगी म्हणून गोदाताई गेल्या, पण पत्राचा राग होता म्हणून मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या.

फळ्यावर विषय लिहिला होता: "फुटणारे तारे आणि त्यांच्या भोवतालचे द्रव्य." खाली तारीख, वेळ आणि "चहापानाची सोय आहे." शेवटच्या ओळीमुळे सभागृह भरलं होतं.

चारला दहा कमी असताना लाईट गेली. माइक गेला, पंखे गेले. टेबलामागे उभा केलेला मोठा स्टँडचा पंखाही गरगरत थांबला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आणि चारला पाच कमी असताना उर्वी आली ती गळ्याला मफलर गुंडाळून.

"या या या," हरिभाऊ पुढे धावले. "प्रवास कसा झाला?"

उर्वीनं तोंड उघडलं. आतून सायकलच्या पंपासारखा "फुस्स" एवढाच आवाज आला.

झालं होतं असं. आदल्या दिवशी मिरजोळ्याच्या मैदानावर तिच्या चुलतभावाच्या संघाची क्रिकेटची फायनल होती. शेवटच्या षटकात एकोणीस धावा हव्या होत्या. त्या त्यांनी काढल्या, आणि त्यातल्या निदान दहा तरी उर्वीच्या ओरडण्यानं निघाल्या. मग विजयाच्या भरात तिनं बर्फ घातलेलं कोकम सरबत चार पेले रिचवलं. सकाळी उठली तर घसा रजेवर.

हे सगळं तिनं हरिभाऊंना कागदावर लिहून दाखवलं. खाली लिहिलं: "मी चिठ्ठ्या लिहीन. तुम्ही वाचा."

हरिभाऊंचा जीव भांड्यात पडला. लेखी म्हटल्यावर त्यांना पुन्हा बळ आलं. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि पहिली चिठ्ठी वाचायला घेतली. पण हरिभाऊंचा आवाज म्हणजे घागरीत अडकलेला डास. कोर्टात चाळीस वर्षं कागद वाचले ते कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणूनच, असं वाटावं.

"आपल्या सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा आयुष्याच्या अखेरीस फुटतो," ते म्हणाले. निदान पहिल्या रांगेचा तसा समज झाला.

चौथ्या रांगेतून कुजबुज आली. "काय म्हणाले?"

"कोणतरी फुटलं म्हणतायत."

"कुठल्या पक्षातलं?"

"पक्ष नाय ओ, तारा. तारा तुटल्यात."

"तरीच लाईट नाय! मी मगाचपासून म्हणतोय."

"मग वायरमनला फोन करा की, इथं सभा कसली घेतायत?"

दोघं-तिघं फोन काढून वायरमनचा नंबर शोधू लागले. हरिभाऊ दुसरी चिठ्ठी वाचत होते आणि त्यांच्याशेजारी उर्वी हातवारे करून "नाही, नाही" सांगत होती. त्या हातवाऱ्यांचा अर्थ मागच्यांनी "धोका आहे, बाहेर पडा" असा घेतला. एक म्हातारे गृहस्थ चपला शोधायला लागले.

गोदाताई हे बघत होत्या. आपण काही बोलायचं नाही, असं त्या घरून ठरवून आल्या होत्या. पण स्थानकावर चुकीच्या गाडीत माणसं चढताना दिसली की त्यांना बसवत नसे, तसंच आत्ता झालं. त्या उठल्या.

"त्या तारा नव्हेत!"

खिडकीतली दोन कबुतरं उडाली. चपला शोधणारे गृहस्थ एका पायावर थांबले.

"तारा! आकाशातला! एकच! तो फुटतो. वायरमनचा काही संबंध नाय. सर्वांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावं."

सगळे बसले. हरिभाऊही बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण वक्ते आहोत, पण तोवर उर्वी टेबलापासून निघून मधल्या वाटेनं थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचली होती. तिनं गोदाताईंचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला.

गोदाताईंनी हरिभाऊंकडे पाहिलं. हरिभाऊंनी छताकडे पाहिलं. मग मान किंचित हलवली. ती होकाराची होती की नाही, याची गोदाताईंनी वाट पाहिली नाही.

टेबलाजवळ उभं राहिल्यावर मात्र त्या बिचकल्या. गाड्या पुकारणं वेगळं. आकाशाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की ते वर असतं. चिठ्ठीवरची अक्षरं त्यांनी एकदा मनात वाचली. खरोखर मनात, हरिभाऊंनीही ते टिपलं. लिहिलं होतं: "फुटण्याआधी काही वर्षं हा तारा स्वतःचे वरचे थर बाहेर टाकत राहतो. तो वायू त्याच्याभोवती कवचासारखा साठतो." यातलं त्यांना जे कळलं, ते त्यांनी एकतीस वर्षांच्या सवयीनं सांगून टाकलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! हा तारा सुटायच्या आधी काही वर्षं आपलं सामान खाली टाकायला लागतो. आज एक गाठोडं, उद्या एक वळकटी. ते सामान उचलायला कोणी येत नाय. ते त्याच्या चारी बाजूंनी तसंच पडून राहतं. तारा मध्ये, सामान भोवती. इथपर्यंत कळलं का?"

"कळलं!" सभागृह म्हणालं.

उर्वीनं गोदाताईंकडे पाहिलं, आपल्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि भराभर पुढची लिहायला घेतली.

"आता तारा फुटतो," गोदाताईंनी वाचलं. "त्याचा गाभा एक सेकंद व्हायच्या आत कोसळतो. आणि वरचा सगळा ऐवज बाहेर सुटतो. वेग सेकंदाला दहा हजार किलोमीटर." त्या थांबल्या. हा आकडा असाच जाऊ देणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि हिशेब मांडला. "म्हणजे इथून रत्नागिरीला जा. तिथं मुंबईची गाडी पकडा. एका सेकंदात ती गाडी चौदा वेळा मुंबईला जाऊन परत येईल. पंधराव्यांदा मुंबई करील, आणि येताना माणगावला असेल."

सभागृहात "आई गं" असा एक सुस्कारा उमटला.

तिसऱ्या रांगेत महिपत कीर उभा राहिला. हा गावातला मोठा बागायतदार. कुठल्याही सभेत प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. "थांबे धरून का?"

"विनाथांबा," गोदाताई म्हणाल्या.

"चिपळूणला पण नाय?"

"चिपळूणला पण नाय."

"मग ठीक आहे," असं म्हणून महिपत बसला.

पुढची चिठ्ठी मोठी होती. उर्वीनं त्यात जीव ओतला होता, कारण तिचा सगळा अभ्यास तेवढ्या पाच ओळींत होता. बाहेर मोकळं असेल तर फुटलेल्या ताऱ्याचा उजेड काही महिन्यांत मंदावत जातो. पण भोवती कवच असेल तर सुटलेला ऐवज त्यावर आदळतो, त्याचा वेग मोडतो, मोडलेल्या वेगाची उष्णता होते आणि उष्णतेचा उजेड. गोदाताईंनी ती दोनदा वाचली. घाई केली नाही. लोकही थांबले.

"असं बघा," त्या म्हणाल्या. "मोकळ्या रस्त्यानं गाडी भरधाव गेली तर तुम्हाला काय कळतं? काय नाय. आली नि गेली. पण तीच गाडी फलाटावर रचलेल्या सामानात घुसली तर? आख्खा स्टँड जागा! गाडीचा वेग जातो कुठं? त्या आदळण्यात जातो. टाकी तापते, पत्रा तापतो, ठिणग्या उडतात. तसंच हे. ताऱ्यानं आधी जेवढं सामान टाकलेलं असेल, तेवढा त्याचा उजेड मोठा, तेवढा जास्त दिवस टिकणारा. सामान नाय, तर उजेड लवकर संपला. बरोबर ना गो उर्वी?"

उर्वीनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. गोदाताईंनी पदर खोचला. एकतीस वर्षांत गाडी पुकारल्याबद्दल त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

त्यांना आता भीड उरली नाही. उर्वी चिठ्ठी द्यायची, गोदाताई ती सोडायच्या. चिठ्ठी आली की वाचायची, असा सपाटाच लागला. त्यामुळे पुढची चिठ्ठी लोकांसाठी नव्हती हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"पहिल्या रांगेतले काका झोपलेत," त्यांनी खणखणीत पुकारलं, "ते खुर्चीवरून पडतील, त्यांना हळूच उठवा!" मग पहिल्या रांगेकडे पाहून त्यांनी जबाबदारीनं पुस्ती जोडली, "सचिव हरिश्चंद्र फाटक, आपण जिथं असाल तिथं जागे व्हा."

हरिभाऊ जिथं होते तिथं ताडकन जागे झाले आणि "हजर!" म्हणाले. सगळी सभा हसली. उर्वी हसली ती आवाजाशिवाय, नुसते खांदे हलवत.

महिपत पुन्हा उभा राहिला. "एक विचारायचं होतं. हे असं फुटाफूट झाली की आमचा मोहोर गळेल काय?"

चिठ्ठी आली. "नाही. मी बघते तो तारा फुटला त्याला पाच कोटी वर्षं झाली. उजेड आत्ता पोचला."

"महिपत, ही गाडी पाच कोटी वर्षं उशिरानं धावतेय," गोदाताई म्हणाल्या. "यंदाच्या मोहोराचा संबंध नाय."

"मग यंदा मोहोरावर तुडतुड्याची कीड कशानं पडली?"

"ते कृषी खात्याला विचार."

मग उर्वीनं आपल्या त्या ताऱ्याची गोष्ट लिहून दिली. तो फुटला, चकाकला, हळूहळू मंदावला. जगभरच्या लोकांनी त्यावरच्या दुर्बिणी काढून दुसरीकडे लावल्या. उर्वी मात्र अधूनमधून डोकावत राहिली. आणि तीनशे दिवसांनी तो विझत आलेला तारा पुन्हा उजळला. कारण त्यानं आपले थर फुटण्याच्या तीसेक वर्षं आधी टाकले होते. ते तोवर सरकत सरकत लांब गेले होते. स्फोटाचा ऐवज तिथपर्यंत पोचायला तीनशे दिवस लागले. पोचला, आदळला आणि उजेड पडला. त्या उजेडावरून उर्वी सांगू शकत होती की फुटण्याच्या तीस वर्षं आधी ताऱ्यानं काय टाकलं आणि किती टाकलं.

हे गोदाताईंनी कुठल्याही गाडीची उपमा न देता सांगितलं.  "सगळे उठून गेले, ही एकटी बघत राहिली," एवढंच पुढे म्हणाल्या. 

आता प्रयोग व्हायचा होता. उर्वीनं पुण्याहून मोठाले फुगे आणले होते. साधा प्रयोग: एक फुगा नुसताच फोडायचा, दुसरा भोवती रंगाची पूड ठेवून फोडायचा. भोवताली काही असलं की स्फोट कसा वेगळा दिसतो ते लोकांना कळावं. त्यासाठी तिनं हरिभाऊंना आठवड्यापूर्वीच कळवलं होतं: "थोडा गुलाल लागेल." हरिभाऊंनी ते काम महिपतला सांगितलं, आणि तिथं घात झाला.

महिपत गेल्या खेपेला ग्रामपंचायतीला उभा होता. निकालाच्या आदल्या दिवशीच त्यानं गुलालाची दोन पोती आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी अकरा मतांनी पडला, आणि त्यातली दोन मतं घरचीच फिरली होती असा त्याचा वहीम होता. तेव्हापासून ती पोती पडवीत तशीच पडून होती. जाता-येता त्याच्या काळजाला घरं पडायची. गुलाल मागितला म्हटल्यावर त्याला भरून आलं. त्यानं एक आख्खं पोतं देवळातल्या जेवणावळीच्या परातीत ओतून टेबलावर आणून ठेवलं होतं आणि वर वर्तमानपत्र झाकलं होतं.

पहिला फुगा उर्वीनं मोकळ्या हवेत धरला. गोदाताईंनी टाचणी लावलेली काठी टोचली. फट्. संपलं. मागच्या रांगेतल्या एकानं "झालं?" असं विचारलं.

"झालं," गोदाताई म्हणाल्या. "हा विनासामानाचा तारा. आता सामानवाला बघा."

उर्वीनं परातीवरचं वर्तमानपत्र काढलं आणि ती दचकली. तिनं महिपतकडे पाहून चिमूट दाखवली: एवढाच हवा होता. महिपतनं तिला दोन्ही हात पसरून दाखवलं: संकोच करू नका, घरात आणखी एक पोतं आहे.

आता परत काढून ठेवायला वेळ नव्हता. लोक खुर्च्यांवरून पुढे सरकले होते. हरिभाऊ झोपेचा डाग धुऊन काढायला म्हणून टेबलाच्या अगदी पुढ्यात येऊन, वाकून, चष्मा सावरत उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरं धोतर. उर्वीनं दुसरा फुगा डोक्याएवढा फुगवला आणि गुलालाच्या ढिगाऱ्यात निम्मा पुरला. मग आपण शहाणपणानं दोन पावलं मागं गेली.

गोदाताईंनी काठी घेतली. बंद माइक तोंडासमोर होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! तारा सुटण्याच्या तयारीत आहे. ज्यांना मागं सरायचं असेल त्यांनी सरून घ्यावं. तीन! दोन! एक! स्फो..."

टाचणी लागली आणि त्याच क्षणाला लाईट आली.

गोदाताईंचा "ट" माइकमधून गेला. तो नुसताच रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलापर्यंत ऐकू गेला असता, त्याला आता कर्ण्याची जोड मिळाली. फुगा फुटला, परातीतला गुलाल उसळला, आणि टेबलामागचा विसरलेला पंखा तीन नंबरवर घरघरत सुरू झाला. त्यानं तो उसळलेला गुलाल उचलला आणि सभागृहाच्या अंगावर घातला.

थोडा वेळ कुणालाच काही दिसलं नाही. गुलाबी अंधार. त्यातून शिंका ऐकू येत होत्या, वेगवेगळ्या पट्टीतल्या, आणि मधूनच एक क्षीण आवाज, "माझा चष्मा... कोणी पाहिला का... चष्मा..." गुलाल दारातून बाहेर गेला, खिडक्यांतून बाहेर गेला. रस्त्यावर उभी असलेली एक गाय गुलाबी झाली आणि संथपणे पुढे निघून गेली.

कुणीतरी पंखा बंद केला. हळूहळू माणसं दिसू लागली. सगळी एका रंगाची. हरिभाऊ कुठले ते कळेना. शेवटी नाकावरच असलेला चष्मा काढल्यावर डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं उरली, त्यावरून ओळख पटली.

गोदाताई काठी धरून तशाच उभ्या होत्या. आता आपल्याला दुसरं पत्र येणार, आणि या खेपेला रजिस्टरनं, असं त्यांच्या मनात आलं.

उर्वी मात्र आनंदानं नाचत होती. तिनं टेबलावर साचलेल्या गुलालात बोटानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "असंच!" मग तिनं गोदाताईंना ओढत मागच्या भिंतीपाशी नेलं. पांढरी भिंत आता गुलाबी झाली होती, पण जिथं जिथं माणूस उभा होता तिथं त्याच्या आकाराची पांढरी जागा उरली होती. एक रुंद, एक काठीसारखी, एक हात वर केलेली. उर्वीनं त्या जागांकडे बोट दाखवलं आणि वर आकाशाकडे. मग खडूनं भिंतीवरच लिहिलं: "उजेड कुठं पडला, कुठं नाही, यावरून भोवती काय होतं ते कळतं."

"हा रुंद तो वाचनालयाचा शिपाई बाबू," गोदाताई निरखून म्हणाल्या. "हा काठीसारखा म्हणजे आमचे श्यामराव. अगो बाई, हे कधी आले?"

श्यामराव दारापाशी गुलाबी उभे होते. "मगाशी चहा टाकलाय म्हणालीस असं वाटलं," ते म्हणाले. "बागेतून आलो."

बाहेर वेगळाच गोंधळ उडाला होता. महिपत डोक्यापासून पायापर्यंत माखून रस्त्यावर आला आणि गहिवरून ओरडला, "उडला! शेवटी माझा गुलाल उडला!" रस्त्यावरच्यांना एवढंच कळलं की महिपतच्या अंगावर गुलाल आहे. पुढचं विचारायची पद्धत नाही. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. कुणीतरी ढोल आणला. खऱ्या सरपंचांना तोवर तीन फोन गेले होते. ते बिचारे लुंगीवरच बाहेर आले आणि आपण नक्की कधी पडलो ते एकेकाला विचारत फिरू लागले.

चहा झाला. चहासुद्धा किंचित गुलाबी होता. हरिभाऊ कप घेऊन गोदाताईंजवळ आले आणि चहावर फुंकर घालू लागले.

"पुढच्या महिन्यात डॉक्टर येतायत," ते म्हणाले. "मूत्रपिंडातले खडे, या विषयावर."

"त्यांचा घसा बरा आहे ना?"

"ठणठणीत आहे." हरिभाऊ घुटमळले. "पण आपण आलात तर बरं होईल. लोकांना... कळतं." एवढं बोलून ते वळले. ते तोंडी बोलले होते, कागद नव्हता, हे गोदाताईंच्या नंतर लक्षात आलं.

साडेपाचच्या गाडीनं उर्वीला रत्नागिरी गाठायची होती. तिथून पुण्याची गाडी. मुकी पोर एकटी कशी जाईल म्हणून गोदाताई सोबत निघाल्या. दोघींनी तोंडं धुतली होती, पण गुलाल तो गुलाल. धुतल्यानं नुसता जास्त पसरला. गाडीत चढल्या तशी कंडक्टर ज्ञानेश्वरी, तिशीतली चुणचुणीत बाई, हातातलं तिकिटाचं मशीन थांबवून बघतच राहिली.

"कोण आलं निवडून?"

"कोण नाय. तारा फुटला," गोदाताई म्हणाल्या.

"कुठल्या पक्षातून?"

तेव्हा गोदाताईंना पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या आपल्या मते फक्त ज्ञानेश्वरीशी बोलत होत्या. गोळप यायच्या आत ड्रायव्हरसकट सगळ्या गाडीला तारा, सामान, कवच आणि तीनशे दिवस हे तोंडपाठ झालं. ज्ञानेश्वरी तिकिटं फाडत ऐकत होती. मागच्या बाकापर्यंत जाऊन परत आली, खांबाला टेकली आणि म्हणाली, "सगळं समजलं, ताई. पण ते थर टाकले कशाला त्यानं? फुटायचंच होतं तर तसाच फुटायचा. आधी तीस वर्षं हे टाकाटाकीचं काय काढलं?"

गोदाताईंनी उर्वीकडे पाहिलं. उर्वीनं कागद मांडीवर घेतला. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. गाडी खड्ड्यांतून उड्या मारत होती आणि सगळे प्रवासी माना वळवून बघत होते. शेवटी तिनं चिठ्ठी दिली.

गोदाताईंनी ती वाचली. उलटून मागं काही आहे का बघितलं. मग उभ्या राहून, एका हातानं दांडी धरून त्यांनी सांगितलं, "ठाऊक नाय. हिला नाय आणि जगात कुणालाच पक्कं ठाऊक नाय. ही तेच शोधतेय."

गाडीत मग एकदम गलका झाला. एवढ्या शिकलेल्या लोकांना ठाऊक नाही म्हटल्यावर प्रत्येकाला बोलायचा हक्क आला.

"गरम होत असेल," कोळणीच्या टोपलीआडून एक आवाज.

"म्हातारपणी अंगावर काही सहन होत नाय. माझ्या सासऱ्यांनी स्वेटर फेकला होता."

"वाऱ्यानं उडालं असेल हो, त्यानं टाकलं कशावरून?"

"शेजारच्या ताऱ्यानं ओढून नेलं असेल," ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला. "माझ्या भावानं कुंपण असंच सरकवलं."

"अपचन," खिडकीशी बसलेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले. हातात छत्री, मांडीवर नारळाची पिशवी. "आत काहीतरी ढवळतं. पोटात वायू धरतो. मग वरचं बाहेर पडतं. मला हा त्रास बारा वर्षं आहे."

उर्वी ताठ बसली. तिनं भराभर लिहून चिठ्ठी गोदाताईंच्या हातात कोंबली.

"लक्ष द्यावं!" गोदाताई गरजल्या. "ड्रायव्हरचं म्हणणं खरं असू शकतं, असेही काही तारे आहेत. वाऱ्याचंही थोडं बरोबर. पण हे नारळवाले काका सगळ्यांत जवळ आलेत! मरायच्या आधी ताऱ्याच्या पोटात भयंकर ढवळाढवळ होते, त्याच्या लाटा वर येतात आणि वरचे थर सुटतात, असं पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटतं. सिद्ध झालेलं नाय."

नारळवाले काका उठून उभे राहिले. चारी बाजूंना मान लववली आणि पुन्हा बसले. त्यांना फणसोपला उतरायचं होतं आणि फणसोप मागं पडून बराच वेळ झाला होता. पण ज्ञानेश्वरी आता त्यांच्याच बाकावर टेकून विचारत होती, "काका, लाटा म्हणजे नेमकं कुठून सुरू होतं हो? बेंबीपासून?" आणि काका छत्री बाजूला ठेवून, सदऱ्याची बटणं सोडून, नीट दाखवायला लागले होते.